तारुण्यपीटिका

आठवी-नववीत आल्यावर तुमची उंची भराभर वाढू लागते. मुलांचा आवाज घोगरा होतो. आणि एके दिवशी आरशात पाहताना कपाळावर किंवा गालावर लहान लहान फोड दिसतात. उर्दूत आपण त्यांना 'मुहासे' म्हणतो. मराठीत त्यांना 'मुरूम' किंवा 'तारुण्यपीटिका' म्हणतात. पीटिका म्हणजे पुटकुळी. तारुण्यात येते ती तारुण्यपीटिका. पाहा, नावातच तिचे कारण सांगितले आहे!

आपल्या त्वचेत बारीक तैलग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत त्या जास्त असतात. तळहात व तळपाय यांवर मुळीच नसतात. या ग्रंथींतून पाझरणारे तेल त्वचेला मऊ ठेवते. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात काही संप्रेरके वाढतात. त्यामुळे तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. हे तेल आणि त्वचेच्या मृत पेशी एकत्र होऊन केसाच्या मुळाशी असलेले छिद्र बंद करतात. मग त्वचेवर नेहमीच राहणारे जंतू आत वाढतात, सूज येते आणि फोड लाल होतो. कधी त्यात पू होतो.

छिद्राचे तोंड उघडे राहिले तर तेथे काळा ठिपका दिसतो. पुष्कळांना तो मळ वाटतो. पण तो मळ नसतो. आत साचलेल्या पदार्थाचा हवेशी संबंध येऊन तो काळा पडलेला असतो. म्हणून चेहरा दहा वेळा घासल्याने मुरूम जात नाहीत. उलट त्वचेची आग होते.

मग काय करावे? सकाळी व रात्री सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने हलक्या हाताने चेहरा धुवावा. खेळून घाम आल्यावरही धुवावा. केसांचे तेल कपाळावर येऊ देऊ नये. मुरूम नखाने फोडू नये. तसे केल्यास सूज वाढते आणि खड्डे व डाग राहतात. चुना, लिंबू किंवा टूथपेस्ट लावू नये.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मैत्रिणीने किंवा शेजाऱ्याने सुचवले म्हणून दुकानातून कोणतेही मलम आणू नका. काही मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम पूर्वीपेक्षा वाढतात. मुरूम मोठे असतील, दुखत असतील किंवा डाग पडत असतील, तर आईवडिलांना सांगा आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. औषधाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून औषध सोडू नका.

काही मुले मुरूम आले म्हणून मागच्या बाकावर बसतात, उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. हे मुरुमांमुळे होत नाही, आपल्या हसण्यामुळे होते. मुरूम हा कोणाचा दोष नाही आणि तो एकमेकांना लागतही नाही. वर्गातील मित्राच्या चेहऱ्याकडे पाहून हसू नका. उद्या तोच फोड तुमच्या गालावर असेल.