रोग्याच्या हाती आलेले मीटर

रिचर्ड बर्नस्टीन यांना टाइप-१ मधुमेह झाला तो १९४६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी. तेव्हा अमेरिकेतही घरी साखर तपासायची तर लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळून रंग पाहायचा. निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडायची वेळ आली, तरी या तपासणीत त्याचा पत्ता लागत नसे.

बर्नस्टीन इंजिनीअर झाले. डॉक्टर सांगतील तसे वागूनही पस्तिशीच्या आत त्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती. मूत्रपिंडे बिघडत चालल्याची ती खूण.

१९६९ मध्ये प्रयोगशाळांसाठीच्या एका मासिकात त्यांना एक जाहिरात दिसली. रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारे मीटर! वजन सव्वा किलोहून जास्त, किंमत ६५० डॉलर. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस मधुमेही आहे की दारू प्यायलेला, हे इस्पितळांना कळावे म्हणून ते बनवलेले. रोग्यांना ते विकत मिळत नसे. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून ते त्यांच्या नावाने मागवले गेले.

दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचून त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. साखर एकाच दिवसात ४०च्या खाली आणि ४००च्या वर जात होती. ज्या यंत्रणेचे माप हातात येत नाही ती ताब्यात ठेव, असे कुठल्याही इंजिनीअरला कोणी सांगणार नाही. मधुमेह्यांना मात्र वर्षानुवर्षे तेच सांगितले जात होते. बर्नस्टीन यांनी इन्सुलिनचे दिवसातले एक इंजेक्शन विभागून घेतले, जेवणातली पिष्टमय पदार्थांची मात्रा कमी केली, आणि आकडे स्थिरावू लागले.

हे त्यांनी लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवले, ते नाकारले गेले. रोग्याचे म्हणणे ऐकायला ते जग तयार नव्हते. मग चाळिशी उलटल्यावर या माणसाने न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९८३ मध्ये ते डॉक्टर झाले. जिद्द म्हणावी ती ही. दरम्यान १९७८ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी घरगुती तपासणीवरचे अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. १९९३ मध्ये १,४४१ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला: रोज वारंवार साखर तपासून इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. आज आपल्याकडे घरोघरी औषधांच्या डब्यात असणारे ग्लुकोमीटर याच वाटेने आले.

मधुमेह असलेल्या सिएटलच्या डाना लुईस यांची अडचण वेगळी होती. त्वचेखालचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजायचा, पण रात्री त्याचा गजर इतका हळू वाजायचा की त्यांना जागच येत नसे. २०१३ मध्ये, आपल्या मधुमेही मुलासाठी सेन्सरचे आकडे बाहेर काढणाऱ्या एका वडिलांकडून त्यांनी ती संगणकीय आज्ञावली मिळवली आणि मोठ्याने वाजणारा गजर तयार केला. पुढे साखर कुठे चालली आहे याचा अंदाज बांधणारे गणित त्याला जोडले, आणि ते गणितच इन्सुलिन पंपाला आज्ञा देऊ लागले. २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ या नावाने त्यांनी ते सर्वांना खुले केले. न्यूझीलंडमध्ये ९७ मुले व प्रौढांवर या गणिताची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वापरणाऱ्यांची साखर, नुसता सेन्सर आणि पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत, दिवसाकाठी ३ तास २१ मिनिटे जास्त वेळ योग्य पट्ट्यात राहिली.