गडावरचा शेवटचा चढ

वणीच्या गडाला जाणाऱ्यांचा हिशेब 2018पर्यंत ठरलेला होता. नांदुरीहून घाट चढून गाडी गडावरच्या गावापर्यंत जायची आणि तिथून पुढे पाचशेच्या आसपास पायऱ्या. अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी इथे पायऱ्या बांधून घेतल्या, आणि त्यानंतर कैक पिढ्या त्याच वाटेने देवीपुढे गेल्या. गुडघ्यांनी साथ सोडलेली म्हातारी माणसं डोली करायची, नाहीतर पहिल्या पायरीवर नारळ फोडून, वर बघून हात जोडायची. सप्तशृंगी म्हणजे साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. तिच्या पायथ्यापर्यंत येऊन दर्शन न घेता परतणं किती जिवावर येत असेल, ते खान्देशातल्या माणसाला विचारावं. खान्देश हे तर देवीचं माहेर मानलं जातं!

2018मध्ये इथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. गडावर तिला सर्रास 'रोपवे' म्हणतात, पण हवेत लोंबकळणारा पाळणा डोळ्यांपुढे आणू नका. ही रुळांवरून चालते. उतारावर टाकलेला लोहमार्ग, त्यावर डबे आणि डब्यांना बांधलेला पोलादी दोर. डब्यांना स्वतःचं इंजिन नाही, सगळी ओढाताण दोराची.

यातली खरी गंमत वजनाची आहे. एक डबा वर निघाला की दुसरा खाली उतरतो, दोघे एकाच दोराच्या दोन टोकांना. रहाटावरच्या दोन पोहऱ्यांसारखं. खाली येणाऱ्यांचं वजन वर जाणाऱ्यांच्या कामी येतं, आणि मोटरला ओझं ओढायचं ते दोन्हीकडच्या वजनांतल्या फरकाचं आणि घर्षणाचं. दर्शन घेऊन उतरणारी मंडळी दर्शनाला निघालेल्यांना वर ओढत असतात, म्हणा ना. अशा गाड्यांत डब्याची जमीनही पायरी-पायरीची करतात, म्हणजे चढावरही आतला माणूस सरळ उभा राहतो. मांडीवर खण-नारळाचं ताट धरलेल्या बाईला त्यामुळे काही सावरावं लागत नाही.

कल्पना काही नवी नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात 1862मध्ये अशी गाडी लोकांना टेकडीवर नेऊ लागली. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर 1880मध्ये फ्युनिक्युलर आली, आणि तिच्यावर रचलेलं गाणं तर गाडीपेक्षाही जास्त गाजलं. मधल्या काळात एक पेच मात्र सोडवावा लागला. दोन डब्यांसाठी दोन स्वतंत्र मार्ग टाकणं खर्चाचं, आणि एकच मार्ग टाकावा तर दोघे अध्येमध्ये समोरासमोर येणार. कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याने त्यावर तोड काढली आणि 1879मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गीसबाखला ती अमलात आली. मार्ग फक्त मध्यावर दुभंगतो. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा असतात, ती आपल्या बाहेरच्या रुळाला धरून राहतात. दुसऱ्या बाजूची चाकं रुंद आणि सपाट, ती फाट्यावरून आणि दोरावरून नुसती घरंगळत जातात. सांधा बदलायला माणूस नको, काही हलणारा भाग नको. डावा डबा दर खेपेला डावीकडूनच जातो, उजवा उजवीकडून. इतकी साधी युक्ती सुचायला इतकी वर्षं का लागली, असं वाटून जातं.

ट्रॉलीमुळे पायऱ्या ओस पडतील अशी कुणाला भीती वाटली असेल, तर ती खोटी ठरली. नवस बोललेला माणूस पायऱ्यांनीच चढतो. चैत्रोत्सवात मालेगाव-धुळ्याकडून पायी आलेला भाविक शेवटच्या चढाला तिकीट काढून बसेलच असं नाही. आणि देखभालीसाठी ट्रॉली बंद ठेवतात तेव्हा सगळ्यांनाच उमाबाईंची वाट धरावी लागते. पोट हातावर असलेल्या डोलीवाल्याचा हिशेब मात्र वेगळा. ट्रॉलीचं कौतुक करताना त्याची आठवण सहसा कुणाला होत नाही.

माझी तक्रार ट्रॉलीबद्दल नाहीच, तिच्या आधीच्या रस्त्याबद्दल आहे. ट्रॉली उचलते ती जेमतेम शंभर मीटरची उंची. तो चढ दमवतो, पण जीव घेतला आहे तो नांदुरीपासूनच्या दहा किलोमीटरच्या घाटाने. जानेवारी 2008मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसं गेली. जुलै 2023मध्ये एसटीची बस याच घाटात दरीत गेली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. दोरावरच्या डब्याला ब्रेकवर ब्रेक, ठरलेला वेग, ठरलेली वाट, आणि त्याच्या आधी धुक्यात अंदाजाने वळण घेणारी, घाट नवा असलेल्या चालकाची गाडी. नवरात्रात खासगी वाहनं नांदुरीलाच थांबवतात आणि वर फक्त एसटी जाते. ही शिस्त उत्सवापुरतीच का? पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तरी ती लावायला काय हरकत आहे? त्यासाठी नवा रूळ टाकायला नको की दोर ओढायला नको. घाटाचे वळणन् वळण पाठ असलेले चालक आणि पुरेशा बसगाड्या एवढंच लागेल.