टाकीच्या दारातला बदाम

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीकडे नोव्हेंबरात गेलात, तर जिकडेतिकडे धानाचे पुंजणे दिसतात. मळणी सुरू झाली की तूस आणि धूळ हवेत उडते, उभ्या गाड्यांवर बसते. काचा पुसल्या जातात, पण पेट्रोलच्या टाकीवरच्या दाराआड काय साचलं ते कोण बघतो? मग एखाद्या दिवशी पंपावर ते दार लावायला जावं, तर टक् वाजतं आणि पुन्हा उघडतं. लोक थाप मारतात. थापेने दार लागत नाही, पण बिजागरी वाकते.

टाकीचं दार कोणत्या अंगाला आहे हे दाखवणारा, इंधनाच्या काट्याशेजारचा बाण फोर्डच्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवला. त्या बाणाचं कौतुक होतं. दाराआडच्या करामतीचं मात्र कोणी नाव काढत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

बोटाने दाबून उघडणारं दार घ्या. दाबलं की बंद, तसंच पुन्हा दाबलं की उघडं. एकाच दाबाला दोन उलट उत्तरं! म्हणजे मागच्या वेळी काय झालं, हे त्या यंत्राला आठवायला हवं. त्याच्याकडे ना चिप, ना वीज. आहे फक्त एक प्लास्टिकची दांडी, तिच्यामागे स्प्रिंग, आणि पत्त्यातल्या बदामासारखी एक खाच. या खाचेतून तारेचं बारीक टोक फिरतं. दांडी आत दाबली की टोक बदामाच्या एका कडेने जातं आणि बोट काढताच वरच्या खळगीत अडकतं. दांडी आतच राहते, दार बंद. पुन्हा दाबलं की टोक खळगीतून निसटतं, दुसऱ्या कडेने परत येतं, आणि दांडी दाराला बाहेर ढकलते. आल्या वाटेने परत जायची सोयच नाही, कारण वाटेत इवल्या पायऱ्या असतात. एकदा उतरलं की मागे चढता येत नाही. टोक कुठे उभं आहे, हीच त्या यंत्राची आठवण. मेमरी कार्ड दाबून बसवतो-काढतो त्या खोबणीतही बहुधा हीच युक्ती असते. हजारो फोटो पोटात घेणारं कार्ड एवढ्याशा आठवणीवर जागेवर राहतं!

आता त्या खळगीत तुसाचा कण बसला, तर टोक अडकणार कुठे?

म्हणून आधी दार उघडं ठेवून नुसती दांडी बोटाने दाबून बघा. काही गाड्यांत गाडी लॉक असली की ती हलतच नाही, तेव्हा लॉक उघडून दाबा. दांडी आत थांबते आणि पुन्हा दाबल्यावर बाहेर येते? मग ती निर्दोष आहे. अशा वेळी आतल्या झाकणाची दोरी दारात आली आहे का, ते बघा. थांबत नसेल, तर टाकीचं झाकण घट्ट लावून जुन्या टूथब्रशने भोवतालचा भाग साफ करा आणि सिलिकॉनच्या स्प्रेचा हलका फवारा मारा. ग्रीस नको, त्यावर पुढच्या मळणीची धूळ चिकटून बसेल. तरीही थांबेना, तर दांडीचा जोड बदलायचा.

सीटजवळच्या खटक्याने उघडणाऱ्या दारात बदाम नसतो. तिथे तार खिट्टी ओढते. खटका सोडल्यावरही खिट्टी मागेच राहिली, तर तार किंवा स्प्रिंग अडकली आहे. दार मात्र वाकलेलं असेल, तर टूथब्रश ठेवून द्या आणि डेंटिंगवाल्याकडे जा.