घर विकताना वाढीव खोल्यांचा कागद

घर विकायचे ठरले की आपण आधी गिऱ्हाईक शोधतो. कागद शोधायला लागतो ते इसार घेतल्यावर. आणि मग पत्र्याची पेटी उघडली की घरपट्टीच्या पावत्यांची चवड निघते. हवा तो कागद काही निघत नाही.

माझ्या मामांचेच पाहा. पाटण खोऱ्यात त्यांचे दोनखणी कौलारू घर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्याची मागली भिंत गेली. ती नव्याने बांधताना मागे दोन खोल्या वाढल्या. पुढे मुलगा कमावता झाला. सोप्यावर माडी चढली. परवा घर विकायला काढले, तर गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील म्हणाला, "कागदावर दोन खण, जागेवर पाच खोल्या. बाकीच्या तीन आल्या कुठून?" मामा म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षे पाचही खोल्यांची पट्टी भरतोय की!"

इथेच आपली गफलत होते. घराचे कागद तीन प्रकारचे, आणि प्रत्येकाचे काम निराळे. पहिला, जागा कोणाची हे सांगणारा: खरेदीखत, वाटणीपत्र, मालमत्ता पत्रक. दुसरा, कराचा: ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ आणि पावती. तिसरा, बांधकामाचा परवाना. पट्टी भरली याचा अर्थ पंचायतीने कर घेतला, एवढाच. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि परवानाही मिळाला असे होत नाही. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यात, कलम ५२ मध्ये, नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करण्याआधी परवानगी घ्यावी असे सांगितले आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेतले गेले. ते पत्रक मोलाचे खरे. पण ते जागेचे आहे, माडीचा परवाना नव्हे.

मग प्रत्येक खिळ्याला परवानगी हवी काय? तसे नाही. गिलावा, रंग, फुटकी कौले बदलणे, फरशी बसवणे ही डागडुजी झाली. घराचा घेर वाढला, मजला चढला किंवा मोकळी जागा बांधकामात आली, की परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

कागद हरवला असेल तर काय करावे? घाबरून कोरा कागद रंगवू नये. जुन्या तारखेचा दाखला "करून घेणे" हा गुन्हा आहे. पहिल्यांदा पंचायतीत लेखी अर्ज करून नमुना ८ चे जुने उतारे मागावेत. खोली कोणत्या साली नोंदली गेली, हे त्यावरून कळते. त्या सालच्या मासिक सभेच्या ठरावांची वही पाहावी. पुष्कळदा परवानगीचा ठराव तिथेच असतो. दाद लागली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. "कागद उपलब्ध नाही" असे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे. खरेदीखत हरवले असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची प्रमाणित प्रत मिळते.

परवाना मुळात घेतलाच नसेल, तर अभियंत्याकडून आहे त्या घराचा नकाशा करून घ्यावा आणि बांधकाम नियमात बसते का, हे ज्यांच्या हद्दीत घर त्या कचेरीत विचारावे. सांगली शहराभोवती एकेक दोन-दोन गुंठ्यांवर वसलेल्या वस्त्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा निराळा आहे, हेही ध्यानात असावे.

आणि गिऱ्हाइकापासून लपवू नये. आपल्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला सहजी न दिसणारा मोठा दोष सांगणे ही विकणाराची जबाबदारी आहे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाच सांगतो. मामांच्या मागच्या दोन खोल्यांचा ठराव सभेच्या वहीत सापडला. माडी मात्र बिनपरवान्याची निघाली. त्यांनी ते तोंडावर सांगितले, नकाशा केला, अर्ज केला, शुल्क भरले. सौदा चार महिने लांबला, किंमत थोडी उतरली. पण मागे कज्जा राहिला नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगली, पलूस, वाळव्याकडच्या घरांत शिरले, तेव्हा भांड्यांबरोबर कागदांच्या पेट्याही भिजल्या. भांडी घासून घेता आली. म्हणून कागदांची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असू द्यावी. शिक्षकबंधूंना एक विनंती: वरच्या वर्गातल्या मुलांना आपापल्या घराचा नमुना ८ आणून वाचायला सांगा आणि घरातल्या खोल्या मोजायला लावा. जिथे आकडा जुळणार नाही, तिथे वडीलमाणसे हयात असतानाच विचारून घेता येईल. खोली कोणी, कधी, कोणाला विचारून बांधली, हे त्यांनाच ठाऊक असते.