अ‍ॅटनबरो: एकाच घरातलं आडनाव?
‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्यामुळे आपल्याला माहीत झालेलं हे आडनाव इंग्लंडात दुर्मिळ आहे. ते नॉटिंगहॅमशायरमधल्या, ट्रेंट नदीकाठच्या अ‍ॅटनबरो गावावरून पडलं. मग गाव सोडलेल्या अनेक घरांनी ते लावलं असेल, ही शंका रास्तच. पण बापाकडून मुलाकडे आडनावासारखंच उतरणारं वाय गुणसूत्र वेगळं सांगतं. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ मंडळींची गुणसूत्रं विखुरलेली निघाली. अ‍ॅटनबरोंपैकी बहुतेकांची मात्र एकाच पूर्वजाकडे बोट दाखवतात. उरलेल्यांत कुणी दत्तक आला असेल, कुणी आईचं आडनाव लावलं असेल. तरीही मूळ पुरुष एकच होता, असं छातीठोकपणे म्हणणं मला घाईचं वाटतं. मुलगे नसल्याने इतर शाखा खुंटल्या असणंही तितकंच शक्य आहे.