फळ्यावरचं कोडं सुटलं नाही, नोकरी हुकली!

मॅकवर काम करणारे असंख्य प्रोग्रामर 'होमब्रू' वापरतात. ते मॅक्स हॉवेलने २००९ मध्ये बनवलं. २०१५ मध्ये त्याने वैतागून ट्विट केलं: गूगलने मला नाकारलं, कारण फळ्यावर 'बायनरी ट्री' उलटवता आला नाही! म्हणजे प्रत्येक ठिकाणी डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल. लीटकोडवर हे कोडं चक्क 'सोप्या' गटात आहे.

मग अशी कोडी सोडवून फायदा काय? समजा, १०,००० आकड्यांतून ठरावीक बेरीज येणारी जोडी शोधायची आहे. प्रत्येक जोडी तपासली तर जवळपास ५ कोटी तपासण्या. पण पाहिलेला आकडा हॅश टेबलमध्ये नोंदवत गेलात, तर यादीवरून एकच फेरी पुरते. ही नजर सरावानेच येते आणि पुढे कामातही उपयोगी पडते.

दुसऱ्याचा जुना कोड समजून घेणं, होमब्रूसारखं काही उभं करणं मात्र कोडी शिकवत नाहीत. तरी मुलाखत द्यायचीच असेल तर रोज एक-दोन सोडवा. उत्तरं पाठ करू नका (ती सवय दहावीपासूनची!). सोडवताना विचार मोठ्याने बोला, मुलाखत घेणाऱ्याला तोच ऐकायचा असतो.