लाखेत न मावलेले नाटक

भंडारा जिल्ह्यात, लाखनीपासून फार दूर नसलेल्या एका गावी, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून असलेले आमच्या मामाजींचे घर विकावयाचे ठरले, तेव्हा मागील उन्हाळ्यात त्या घराचा माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. आणि धानाची रिकामी पोती, वसुलीच्या वाळवी लागलेल्या वह्या व भंडाऱ्याच्या पितळेची दोन चेमटलेली घंगाळे खाली उतरविल्यावर, एका लाकडी पेटीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून उभ्या लावलेल्या फोनोच्या अकरा प्लेटी मला मिळाल्या. त्यांतील दहांचे मोल फक्त आमच्या घराण्यापुरते. अकरावीच्या मधल्या कागदी चकतीवरची शाई बरीच फिकटली होती, तरी ‘मास्टर दीनानाथ’ ही अक्षरे ठळक उरली होती आणि त्यांच्या खाली, पुष्कळ लहान अक्षरांत, नाटकाचे नाव होते: ‘रणदुंदुभि’.

‘रणदुंदुभि’ची पदे अल्पपरिचित कशी म्हणता येतील, असे नाट्यसंगीताचे रसिक मला विचारतील, आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे; कारण त्यांतली दोनतीन पदे मैफलींतून, आकाशवाणीवरून आणि पुढे आशा भोसले यांच्या कंठातून महाराष्ट्रभर पोहोचलेली आहेत. मात्र पद माहीत असणे वेगळे आणि ते पद ज्या प्रसंगातून उमलले तो प्रसंग माहीत असणे वेगळे. ते कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, कोणत्या वाक्यावर पेटीचा सूर सुरू होतो आणि पद संपल्यावर समोरचे पात्र काय उत्तर देते, हे सांगू शकणारा माणूस मला आजवर तरी भेटला नाही, अपवाद एकच, आणि त्याची हकीकत पुढे येईल. गीते जिवंत आणि नाटक विस्मृत, अशी या नाटकाची स्थिती आहे. ती केवळ काळाने आणलेली नसून ध्वनिमुद्रिकेचाही तीत मोठा हात आहे, असे माझे मत बनले आहे.

नाटकाचे कर्ते वीर वामनराव जोशी हे अमरावतीचे, म्हणजे आमच्या विदर्भाचे; स्वातंत्र्याच्या लढ्यात कारावास भोगलेले आणि लेखणीलाही त्याच कामी जुंपणारे. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्याआधीच रंगभूमीवर गाजलेले होते. ‘रणदुंदुभि’ बळवंत संगीत मंडळीने १९२७ साली रंगभूमीवर आणले. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ साली उभी केलेली ही मंडळी तेव्हा ऐन भरात होती, आणि पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या होत्या. अनवट रागांचे भांडार म्हणून ज्यांच्याकडे गवई मंडळी आदराने पाहत, तेच हे बुवा. पारतंत्र्याची चीड एका काल्पनिक राज्याच्या कथेआडून बोलणारे नाटककार, दुर्मिळ चिजांचा धनी असलेला चालकार आणि विजेसारख्या तानेचा गायक नट अशा तिघांचा योग त्या एका नाटकात जमून आला होता. माझ्या प्लेटीवर मात्र तिघांपैकी एकाचेच नाव आहे.

त्याहून महत्त्वाची उणीव कानाला कळत नाही. या नाटकात दीनानाथ नायिकेची, तेजस्विनीची, भूमिका करीत असत. शालू नेसलेली, दागिन्यांनी मढलेली, राजकुलातील एक तेजस्वी स्त्री स्वातंत्र्याची भाषा बोलते आहे आणि तिच्या वेषामागे पुरुषाचा पल्लेदार, टोकदार, प्रसंगी कडाडणारा आवाज आहे, या दृश्यातून प्रेक्षकांच्या मनावर जो संमिश्र परिणाम होत असेल, त्याची कल्पना करून पाहावी. प्लेट ऐकणाऱ्याला त्यातले काहीएक उमगत नाही. त्याला एक थोर गवई एक जोरकस चीज गातो आहे, एवढेच कळते. दीनानाथांच्या नाट्यगायनावर, त्यात भूमिका मागे पडून गायकी पुढे येते, असा जो आक्षेप त्या पिढीतील काही जाणत्यांनी घेतला, तो रंगभूमीवरच्या दीनानाथांना कितपत लागू पडत होता, हे प्लेट ऐकून ठरविणे मला अन्यायाचे वाटते. कारण भूमिका तर प्लेटीने अगोदरच काढून घेतलेली असते, आणि मग ती दिसत नाही अशी तक्रार गायकाविरुद्ध गुदरावयाची, हा न्याय नव्हे.

ध्वनिमुद्रणाने आपल्या संगीत रंगभूमीशी जो व्यवहार केला, त्याचा मागोवा येथे घेतला पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात उभे राहिले, तेव्हा त्यात पदांची संख्या दोनशेंच्या घरात होती. पद हा संवादाचाच एक प्रकार होता, दोन वाक्यांमधला दुवा होता, आणि बहुतेक पदे एखाद्या मिनिटात आटोपत. हिंदुस्थानात पहिली ध्वनिमुद्रणे कलकत्त्यास १९०२ साली झाली. ज्यांच्या आवाजाने किर्लोस्कर मंडळीचे वैभव उभारले, ते भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच निवर्तले होते. अवघ्या दीडदोन वर्षांच्या अंतराने आपण त्या आवाजाला कायमचे मुकलो, ही रुखरुख मला आजही लागून आहे. पुढे १९०८ पासून कलकत्त्यातच प्लेटी तयार होऊ लागल्या, फोनो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून मालगुजारांच्या ओसरीपर्यंत आला, आणि प्लेटीच्या एका अंगाची मर्यादा, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे, हीच नाट्यपदाची मर्यादा होऊन बसली. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या गजरात अर्धी घटका चालणारे पद आक्रसून तेवढ्यात बसवावे लागे, आणि पूर्वी मिनिटभरात संपणारे पद तानांनी फुगवून तेवढे करावे लागे, दोन्हींकडून नाटकाचेच नुकसान.

पाश्चात्त्य देशांत संगीत नाटकाचा मूळ नटसंच, मूळ वाद्यवृंद आणि पदांचा मूळ क्रम राखून प्लेटींचा संपूर्ण संच काढण्याची वहिवाट पडली, तिचे ठळक उदाहरण म्हणून १९४३ सालच्या ‘ओक्लाहोमा’ या अमेरिकन नाटकाकडे बोट दाखविले जाते. त्या देशांतही सुरुवातीला सगळे आलबेल नव्हते. ब्रेख्ट आणि वाइल यांचे जे नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणले, त्याची पदे बर्लिनमध्ये १९३० साली मुद्रित झाली, तेव्हा लोट्टे लेन्या या नटीने स्वतःच्या भूमिकेबरोबर दुसऱ्या पात्राचीही पदे गाऊन टाकली. तथापि नाटक हा एक अखंड दस्तऐवज आहे आणि तो अखंडच जपला पाहिजे, ही जाणीव तेथे पुढे रुजली. आपल्याकडे प्लेटीचा घटक गायक हाच राहिला, आणि नाटकाचे नाव चकतीवर लहान अक्षरांत गेले ते कायमचेच.

आता या प्लेटी ज्या द्रव्याच्या बनत, त्याविषयी थोडे. त्या काळच्या प्लेटीचे मुख्य घटकद्रव्य लाख, आणि लाख ही पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर पोसणाऱ्या किड्याची पैदास. भंडाऱ्याचे, आणि १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियाचे, रान पळसाने भरलेले. फाल्गुनात येथून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पेटलेले अरण्य दिसते. येथल्या रानांत लाख गोळा करणारी माणसे पिढ्यान्पिढ्या होती. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरचा आवाज अखेर पळसाच्या झाडावरच्या किड्याने घडविलेल्या द्रव्यात कोरला जाऊन झाडीपट्टीतल्या ओसरीवर परत ऐकू येई, हा विचार ती अकरावी प्लेट हातात धरून उभा असताना माझ्या मनात आला आणि बराच वेळ गेला नाही.

त्या ओसरीवरचा वाद मी लहानपणी ऐकलेला आहे. मामाजी फोनोचे भक्त. दर गुरुवारी रात्री जेवणे आटोपली की चावी भरून ते हीच प्लेट लावीत आणि डोळे मिटून बसत. समोर गावच्या नाटक मंडळाचे पेटीवाले मास्तर बसलेले असत. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात जो तरुण गायक नटाचे काम करी, त्याला मामाजींनी ही प्लेट वारंवार ऐकवून तयार केले होते, आणि तो इतका तंतोतंत तयार झाला होता की प्लेट ज्या तानेवर संपते त्याच तानेवर तोही थांबे, पुढे एक सूरही घेत नसे. मामाजींना तो परिपूर्णतेचा पुरावा वाटे. मास्तरांना ते सहन होत नसे. “मामाजी, प्लेटीत गाना हाये, नाटक नाई,” असे ते म्हणत, आणि मामाजी उत्तर देत, “अस्सल हेच आहे मास्तर, बाकी सारी नक्कल.” अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा दिवाणी दाव्यासारखा वर्षानुवर्षे चाललेला वाद होता, आणि त्याचा निकाल त्या दोघांच्या हयातीत लागला नाही.

माझा कौल मी आज स्पष्टपणे मास्तरांच्या बाजूने देतो. मात्र त्यासाठी मास्तर ज्या रंगभूमीचे होते ती समजून घ्यावी लागेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, भाऊबीज उलटली की मंडया भरू लागतात, शंकरपट होतात, आणि कापणी झालेल्या शेतांत कनाती लागून रात्री नाटके उभी राहतात. पडदा रात्री दहाच्या सुमारास वर जातो आणि पूर्वेला उजाडू लागते तेव्हा खाली येतो. माणसे घोंगड्या आणि रजया पांघरून कुटुंबच्या कुटुंब बसलेली असतात. वडसा हे आज या व्यवसायाचे केंद्र आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीची थोडी वार्ता लागली, तत्पूर्वी दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यप्रकारांपासून तिच्यापर्यंत येणारी वाट साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी चिकाटीने नोंदवून ठेवली होती. या रंगभूमीवर पद कधी हद्दपार झाले नाही. शहरांत संगीत नाटक मावळले असे लेख लिहिले जात असताना येथे पेटी आणि तबला नटांच्या पुढ्यात बसून साथ करीतच होते. पुढे ऑर्गन आला, ऑक्टोपॅड आला, चाली सिनेमाच्या वळणावर गेल्या, लावणी वाढली, हे सर्व खरे, आणि त्यातले पुष्कळ मला रुचतही नाही. परंतु पद प्रसंगातून निघावे आणि प्रसंगात परत मिसळावे, हा शाकुंतलापासूनचा मूळ कायदा तेथे अबाधित राहिला.

उच्चारांचीही एक गोष्ट आहे. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’. डोळा हा डोरा आणि पाणी हे पानी. मामाजींचा तरुण गायक प्लेटीबरहुकूम शुद्ध ‘ळ’ काढी आणि ते काढताना त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची भीती दिसे. तोच तरुण दंडारीत उभा राहिला की त्याचा आवाज दुप्पट होई. प्लेटीने त्याला एक थोर चाल दिली आणि त्या बदल्यात त्याचा स्वतःचा गळा तारण ठेवून घेतला, असे मला त्या वेळी उमगले नव्हते; आज उमगते.

म्हणून प्लेट टाकाऊ, असे मात्र माझे म्हणणे मुळीच नाही. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे नागपुरात वाढले, दीनानाथांच्या गायकीने भारले गेले, आणि तोच अंगार त्यांनी १९६७ साली नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेबांच्या भूमिकेतून, जितेंद्र अभिषेकींच्या चालींतून, पुन्हा प्रकट केला. दीनानाथ १९४२ साली गेले. त्यांच्या गायकीची ज्योत नंतरच्या पिढ्यांपर्यंत पोहोचविण्यात या काळ्या चकत्यांचा वाटा कसा नाकारावा? शिवाय नाटकाला सरकारी परवाना लागे, ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली होती, ओसरीवरच्या फोनोला कोणाचीच परवानगी लागत नव्हती, आणि स्वातंत्र्याचे पद तेथे निर्धास्तपणे वाजत राही. प्लेट ही साक्ष आहे, आणि ती साक्ष मोलाची आहे. आपण एकाच साक्षीदाराच्या जबानीवर सबंध खटला निकालात काढला, एवढीच माझी हरकत आहे. झाडीपट्टीची रंगभूमी याच्या उलट टोकाला उभी आहे. तेथे प्रसंगासह सबंध नाटक रात्रभर नांदते, पण त्याचा लेख कोठेच उमटत नाही. पिढ्यान्पिढ्यांचे गायक नट तेथे गाऊन गेले, आणि त्यांचा आवाज ज्या रात्री उमटला त्याच रात्री धुक्यात विरला. एका नाटकाची तरी संपूर्ण रात्र, विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या कुजबुजीसह, रडणाऱ्या पोरांसह आणि पहाटेच्या कोंबड्यासह, कोणी जशीच्या तशी मुद्रित करून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

घर विकल्यावर ती प्लेट मी भंडाऱ्यास आणली आणि मास्तरांच्या घरी दाखविण्यास गेलो. मास्तर आता नाहीत. त्यांच्या मुलाने न बोलता आतून एक जाड, कापडी पुठ्ठ्याची वही आणली, तिच्यात मास्तरांनी ‘रणदुंदुभि’च्या छापील पुस्तकावरून पदे उतरून घेतली होती, आणि प्रत्येक पदाच्या अगोदरचे व नंतरचे संवादही, कोणत्या शब्दावर पेटी धरावयाची त्या शब्दाखाली रेघ देऊन. माझ्या प्लेटीवरचे पद काढले. पदाच्या शेवटी तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ होती आणि समासात लिहिले होते, ‘येथे मामाजींची प्लेट संपते’. रेघेखाली मास्तरांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत पुढचा संवाद पानभर चालला होता.